पगारे सरांचा तारांकित रकाना

पगारे सर कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी खिशातून टेस्टर काढायचे. आधी दाराशेजारचा बटणांचा बोर्ड, मग फ्रिजचं हँडल, मग कपडे धुण्याचं मशीन. टेस्टरमधला दिवा कुठेच लागला नाही की मग "बसतो" म्हणायचे. एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाच्या खुर्चीला टेस्टर लावलेला मी स्वतः पाहिलाय. खुर्ची सोनेरी पत्र्याची होती, तिच्या मागून लाइटिंगची माळ गेली होती, आणि सरांना या दोन गोष्टी शेजारी शेजारी बघवल्या नाहीत. मुलगा इतका ताठ झाला की सगळ्या फोटोंत शेवटपर्यंत तसाच आलाय.

"सप्लाय आहे असं धरूनच हात लावायचा," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते नुसतं वायरीपुरतं नव्हतं. नवीन माणूस, सरकारी पत्र, फुकटची स्कीम, रिक्षावाल्याने स्वतःहून सांगितलेलं भाडं, सगळ्यांना ते हेच लावायचे. चेष्टा केली तर म्हणायचे, "मॅडम, मी अजून जिवंत आहे. पुरावा समोर उभा आहे."

मॅडम म्हणजे मी. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका इलेक्ट्रिकच्या दुकानावर सरांचा वायरमनचा क्लास होता आणि मध्ये प्लायवूड घालून पलीकडे माझा कॉम्प्युटरचा. जागा दुकानवाल्या हरीशशेठची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, कात्रपहून लोकलने यायचे, आणि चार कॉम्प्युटर नि एक रखडणारं इंटरनेट एवढ्या भांडवलावर मला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवायचा तो काळ. प्लायवूड पातळ असल्यामुळे माझ्या मुलांना वायरिंग आपोआप यायला लागलं होतं. सरांच्या मुलांना कॉम्प्युटर मात्र आला नाही, कारण सरांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा.

सरांची मुलं म्हणजे नावाला मुलं. त्या वर्षीचे तेवीस जण होते आणि त्यातले बरेचसे बाप झालेले. पालेगावचे भोईर तर अडतीस वर्षांचे. त्यांच्या भाताच्या जमिनीवर सात मजली इमारत उभी राहत होती. "आमचेच जागंवर बिल्डिंग झाली, मॅडम. आता तिथंच मना वायरमन म्हनून घेतान. पन सर्टिफिकेट पायजे," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. असा प्रत्येकाचा काही ना काही हिशेब त्या कागदावर अडकलेला होता.

सरांचा स्वतःचा विश्वास मात्र कागदावर नव्हता, नोंदवहीवर होता. लाल कापडी पुठ्ठ्याची ती वही वीतभर जाड झाली होती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान. वर नाव, गाव, वय, आणि खाली टेपने चिकटवलेला तांब्याच्या तारेचा तुकडा. तो त्या विद्यार्थ्याने क्लासमध्ये केलेला पहिला जोड. "सही खोटी करता येते, जोड नाही करता येत," सर म्हणायचे. वही डोळे मिटून उघडली तरी नुसतं बोट फिरवून ते सांगायचे, "हा शकील. घाईत पीळ देतो. आता दुबईला आहे."

आणि मग आमच्या परीक्षा मंडळाला आधुनिक होण्याचा झटका आला. मंडळाचं नाव सांगत नाही, माझं अजून त्यांच्याकडे काम पडतं. पत्र आलं की यापुढे सर्व वर्गांची नोंदणी, विद्यार्थ्यांचे अर्ज, प्रमाणपत्रं, सगळं ऑनलाइन. वेळेत नोंदणी न करणाऱ्या वर्गाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसता येणार नाही. सोबत नमुना अर्ज होता आणि खाली ठळक अक्षरांत सूचना: 'सर्व तारांकित रकाने भरणे अनिवार्य आहे.'

सरांनी नमुना अर्ज आधी हाताने भरायला नेला. दोन दिवसांनी आणून दिला. मी बघितला तर नाव कोरं, पत्ता कोरा, फोन कोरा. चाळीस रकान्यांतले तीनच भरलेले. 'प्रात्यक्षिकासाठी उपलब्ध साहित्य' यापुढे वायरींची दीड पान यादी, जाडीसकट. 'वर्गातील विद्युत जोडणी' यापुढे सुवाच्य अक्षरात 'स्वतः केली आहे'. आणि 'आवारास कुंपण आहे काय?' यापुढे 'होय, तारेचे'.

"सर, बाकीचं?"

"तारांकित नाही ते," सर म्हणाले. "तारेचा जिथं जिथं संबंध येतो ते सगळं भरलंय. 'तारीख' या शब्दाशी मी बराच वेळ थांबलो होतो. त्यात तार आहे, पण ती आपल्या विषयात बसत नाही. सोडून दिली."

मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. मग त्यांना समजावलं की तारांकित म्हणजे ज्याच्यापुढे लाल चांदणी काढलीय ते, तारा म्हणजे चांदणी. सर शांतपणे म्हणाले, "मग चांदणीवाले म्हणा. वायरमनच्या फॉर्मवर तार लिहिल्यावर माणसाने काय समजायचं?" घरी जाताना मला शाळेतलं संधीप्रकरण आठवलं. तार अधिक अंकित, तारांकित. व्याकरणाने तर सर बरोबर होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं नाही, तेवढा मोठेपणा तेव्हा माझ्याकडे नव्हता.

पुढचा आठवडा आम्ही त्या वेबसाइटसमोर काढला. सकाळी साइट चालायची तेव्हा लाइट नसायची आणि लाइट यायची तेव्हा साइट झोपलेली असायची. लोडशेडिंग सरांना मनापासून लागायचं, घरातल्या कुणाच्या दुखण्यासारखं. नोंदवहीही अपलोड करायची होती. पण तारांमुळे स्कॅनरचं झाकण मिटेना, म्हणून सरांनी वर दोन्ही हातांनी जोर दिला आणि माझ्या स्कॅनरच्या काचेवर तेवीस ओरखडे उमटले. मंडळाचं उत्तर आलं: 'जोड अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा जोडा.'

त्यांना जोडलेली फाइल म्हणायची होती. सर भडकले. "जोड अस्पष्ट? हा? भोईरचा जोड आहे हा, पहिल्या फटक्यातला! इथे येऊन बोट लावून बघा म्हणावं!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण चाळिसाव्या रकान्यात गाडी अडली. 'प्रशिक्षकाचा प्रमाणपत्र क्रमांक', पुढे लाल चांदणी.

"बोला सर," मी म्हटलं. बोटं की-बोर्डवर तयार होती.

सर शेवटी म्हणाले, "नाही."

"आठवत नाही?"

"प्रमाणपत्र नाही."

एकोणीस वर्षं शेकडो लोकांना वायरमन करणाऱ्या माणसाकडे स्वतःचा कागद नव्हता. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते हेल्पर म्हणून लागले, फोरमनच्या हाताखाली शिकले, मेन पॅनलपर्यंत पोचले. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने एक अनुभवाचं पत्र दिलं. त्या पत्रावर आतापर्यंत क्लास चालत आला होता. मी ड्रॉप-डाउन उघडून दाखवलं. त्यात चार प्रकारची प्रमाणपत्रं होती, दोन पदविका होत्या, एक पदवी होती. अनुभव नव्हता.

हरीशशेठ वर आले होते. ते म्हणाले, "अरे मास्टरजी, कुछ भी नंबर डाल दो ना साईं! कंप्यूटर कौनसा बत्ती लेके देखने आनेवाला है?"

मीही म्हटलं, "सर, खरंच. सगळे क्लासवाले असंच करतायत. मी टाकते एक नंबर, काय होतंय?"

"सप्लाय नाही असं धरून हात लावला की बसतो तो झटका," सर म्हणाले आणि उठून क्लास घ्यायला गेले. त्या दिवशी प्लायवूडपलीकडून आवाज नेहमीसारखाच आला. फक्त दोनदा ते वाक्याच्या मध्येच थांबले.

सरांनी मंडळाला खरं काय ते लिहून कळवलं. मला वाटलं, संपला क्लास. पण महिन्याभराने उत्तर आलं ते वाचून मी तीन वेळा डोळे चोळले. वर्गाला या सत्रापुरती तात्पुरती मान्यता देण्यात येत आहे. प्रशिक्षकाने याच सत्राची परीक्षा स्वतः द्यावी. प्रशिक्षक अनुत्तीर्ण झाल्यास वर्गाची नोंदणी रद्द समजण्यात येईल आणि त्या वर्गातील कोणालाही प्रमाणपत्र मिळणार नाही. शेवटची अट अशी होती की परीक्षेला बसण्यासाठी नोंदणीकृत वर्गात पंचाहत्तर टक्के हजेरी आवश्यक आहे.

जवळात जवळचा नोंदणीकृत वर्ग सरांचाच होता. त्यांनी स्वतःलाच प्रवेश दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कान प्लायवूडला लावून बसले होते, लपवायचं कशाला. हजेरी चालू झाली. बावीस, तेवीस. मग जरा थांबून, कडक आवाजात, "रोल नंबर चोवीस. पगारे." आणि मग वेगळ्याच, अदबीच्या आवाजात, "हजर, सर."

कोणी हसलं नाही. तेवीस जणांना हसायचं धाडस झालं नाही आणि मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबला होता.

त्यानंतरचे चार महिने आमच्या मजल्यावर जी करमणूक झाली तिला तोड नाही. चोवीस नंबरला सर कोणतीही सवलत देत नसत. एकदा रेशनच्या रांगेत अडकून ते स्वतः वीस मिनिटं उशिरा आले. उशिरा येणाऱ्याने पहिला तास दाराबाहेर उभं राहायचं, असा त्यांचाच नियम. सर दाराबाहेर उभे राहिले. पण शिकवणार कोण? मग त्यांनी बाहेरूनच शिकवलं. फळ्यावर आकृती काढायची वेळ आली की भोईरांना उठवून, "डावीकडे घ्या, अजून, तिथं न्यूट्रल," असं उंबऱ्याबाहेरून ओरडत पूर्ण सर्किट काढून घेतलं. खाली दुकानात गिऱ्हाइकं माना वर करून ऐकत होती.

जर्नल तपासायचा प्रश्न आला. "स्वतःचं वायरिंग स्वतः पास करायचं नसतं," हा धंद्याचा नियम. म्हणून सरांनी आपलं जर्नल भोईरांकडे दिलं. भोईरांच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवस ते क्लासला येईनात. आले तेव्हा वहीत दहापैकी सात दिले होते.

"तीन कशाचे कापले?" सरांनी विचारलं.

"सर, राग मानू नका. आकृत्या एकदम बेस हायेत. पन तुमचा अक्षर मना कलत नाय."

सरांनी वही निरखून पाहिली. "बरोबर आहे," म्हणाले आणि त्या दिवसापासून दुरेघी वही आणून अक्षर गिरवायला लागले. वय अठ्ठावन्न.

माझं हसू तोपर्यंत कमी कमी होत गेलं होतं. माणूस गंमत करत नाहीये हे माझ्या ध्यानात यायला वेळच लागला. ते नापास झाले तर तेवीस जणांचं वर्ष त्यांच्यामुळे बुडणार होतं, आणि ते ओझं घेऊन ते रोज स्वतःला उभं करून प्रश्न विचारत होते.

परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली. तेवीस अर्ज मी एका दिवसात भरले आणि शेवटी चोवीस नंबर. नाव, पगारे रघुनाथ सखाराम. जन्मतारीख. पत्ता. पुढचा रकाना 'पालकाचे नाव व मोबाइल क्रमांक'. अर्ज बहुधा कुठल्यातरी शाळेचा जसाच्या तसा उचलला होता. भोईरांनी आपल्या पंचाहत्तर वर्षांच्या बापाचं नाव दिलं होतं.

"पालक?" मी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"पुढे चला."

"चालत नाही सर, तारांकित आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "वडिलांचं नाव आहेच वर."

"त्यांचा मोबाइल?"

"वारले त्याला तीस वर्षं झाली. तिकडे अजून टॉवर नसावा."

मी हसले. ते हसले नाहीत. आई? तीही गेली. भाऊ-बहीण? नाहीत. सरांच्या पत्नीचं मला ठाऊक होतं, चार वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेल्या. मूलबाळ नव्हतं. मी 'नाही' टाइप करून पाहिलं, मशीनने घेतलं नाही. शून्य टाकून पाहिलं, घेतलं नाही. लाल चांदणी तशीच. सर खुर्चीत जरा मागे सरकून बसले होते आणि हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होते. एवढी वर्षं शेजारी राहून हा माणूस संध्याकाळी कुणाकडे जातो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी माझं नाव टाकलं आणि माझा नंबर.

'नाते' या रकान्यात आई, वडील आणि इतर एवढंच होतं. सर पुढे वाकले, बोट स्क्रीनला लावून बघितलं आणि म्हणाले, "'इतर' करा. खोटं लिहायचं नाही."

परीक्षा अंबरनाथच्या एका केंद्रावर होती. लेखी पेपर बरा गेला. प्रात्यक्षिकाला मीही गेले होते, खिडकीशी उभी होते. परीक्षक तिशीतले, घाईत असलेले. त्यांनी जोडून ठेवलेल्या लोखंडी बोर्डासमोर चोवीस नंबर उभे राहिले, खिशातून टेस्टर काढून बोर्डाच्या पत्र्याला लावला, आणि दिवा लागला.

"सर, अर्थिंग नाही, पत्र्यात करंट उतरलाय," पगारे सर म्हणाले.

"तुम्ही सुरू करा हो."

"नाही करत. याला कोणीच हात लावायचा नाही." आणि त्यांनी मागे वळून तेवीस जणांना भिंतीपर्यंत मागे सारलं.

परीक्षकांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही परीक्षक आहात की परीक्षार्थी?"

"परीक्षार्थी. म्हणून तर हात मलाच लावायचाय."

अर्धा तास परीक्षा थांबली. कुठूनतरी वायर आली, अर्थिंग झालं, मग सरांनी काम केलं, आणि परीक्षकांनी त्यांच्याकडे न बघता वहीत काहीतरी खरडलं. भोईर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, गेला आमचा वरीस." मलाही तेच वाटत होतं. आणि तरी त्या क्षणी सरांनी दुसरं काही केलेलं मला चाललं नसतं.

निकाल पालकांच्या मोबाइलवर येणार होता. त्या दिवशी दुपारी मी माझा क्लास घेत होते, फोन पर्समध्ये. पलीकडे सर शिकवत होते. परीक्षा झाली तरी त्यांनी क्लास बंद केला नव्हता आणि मुलंही येत होती. तेवढ्यात तिकडे एकेकाचा फोन वाजायला लागला. कुणाच्या बायकोचा, कुणाच्या भावाचा. एकच गलका झाला. पास, पास, पास. म्हणजे सर पास होते, नाहीतर कुणाचाच निकाल लागला नसता. एवढं साधं गणित माझ्या डोक्यात आलं नाही. मी पर्स उलटी केली, फोन काढला आणि पलीकडे पळाले.

सर फळ्यासमोर खडू धरून उभे होते. एवढ्या गोंधळात त्यांचा फोन वाजला नव्हता, वाजणारही नव्हता. ते माझ्या हाताकडे बघत होते.

"वाचा," म्हणाले.

इंग्रजी मोठी अक्षरं, भाषा मराठी. मी वाचलं, "आपला पाल्य पगारे रघुनाथ सखाराम हा परीक्षेत उत्तीर्ण झाला आहे."

मुलांनी टाळ्या सुरू केल्या. सरांनी हात वर करून थांबवल्या. "परत वाचा."

मी परत वाचलं.

"नुसता पहिला शब्द."

"आपला," मी म्हटलं.

सरांनी मान हलवली. खडू ठेवला, फोन माझ्या हातातून घेतला, चष्म्याच्या वर धरला, खाली धरला. "आई म्हणायची असं," ते म्हणाले. "आपला रघू. तिच्यामागे असं कुणी म्हटलं नव्हतं." आणि पगारे सर भर वर्गात, रुमाल वगैरे न काढता, सरळ रडले. मीही रडले.

भोईर उठले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता आणि हातातल्या फोनवर घरून पुढे पाठवलेला मेसेज होता. "सर, आमचे बापाला पन तसाच आलाय, आपला पा..."

मी डोळे वटारले. भोईरांनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि फोन खिशात घालून खाली बसले.